दारी झुलणारा हत्ती

गेल्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. संध्याकाळी आपट्याची पाने वाटून मी नुकताच आरामखुर्चीत टेकलो होतो, तोच फाटकापाशी मोठा गडगडाट झाला. परतीचा पाऊस समजून आमच्या सौभाग्यवती गच्चीवरच्या कपड्यांकडे धावल्या. पण तो पाऊस नव्हता. त्यांचे धाकटे बंधू आपली नवी गाडी घेऊन आले होते. 'नवी' हा शब्द त्यांचा. गाडी नऊ वर्षांची होती.

"भाऊजी, कोरी घ्यायला गेलं तर ऐंशी लाख! मी चौदा लाखांत आणली!" असे म्हणत शालकांनी सोन्याबरोबर किल्लीही माझ्या हातावर ठेवली.

गाडी कोणत्या कंपनीची, ते सांगत नाही. सोयरिकीत तेवढी भीड ठेवावी. पण होती मोठी देखणी. काळीभोर, उंच, आणि पळायला चित्ता. तळमजल्यावरचे निवृत्त मामलेदार चष्मा पुसून पुन्हा पाहू लागले. फक्त सौभाग्यवतींनी बहिणीच्या अधिकाराने एकच प्रश्न विचारला, "पैसे कुठून आणलेस रे?"

"ठेव मोडली."

ती ठेव आमच्या भाचीच्या इंजिनिअरिंगसाठी होती. पोरगी बारावीला. "अजून दहा महिने आहेत, तोवर भरून काढीन," शालक म्हणाले. भाचीने मला वाकून नमस्कार केला आणि काही न बोलता आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

मी मराठीचा मास्तर. गाडीतले मला काय कळणार? पण काळजी माणसाला वाचायला लावते. त्या दिवाळीच्या सुटीत मी ज्ञानेश्वरी बाजूला ठेवून गाड्यांविषयी वाचत बसलो, आणि एक सत्य उमगले. जुन्या गाडीची किंमत शिळी होते, तिचा खर्च मात्र ताजाच राहतो. गाडी चौदा लाखांना मिळाली म्हणून तिचे सुटे भाग काही चौदा लाखांच्या गाडीचे होत नाहीत. ते ऐंशी लाखांच्या गाडीचेच राहतात, त्याच भावाने येतात; आणि गाडी म्हातारी झाल्यामुळे वारंवार लागतात. चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला, ही म्हण रचणाऱ्याने मोटार पाहिली नसेल. पण शहाणपण तेच.

या जातीचे नामांकित उदाहरण म्हणजे पोर्शची केयेन. 2002 साली ही गाडी निघाली. तिच्या टर्बो प्रकारात साडेचार लिटरचे, आठ सिलिंडरांचे, 450 अश्वशक्तीचे इंजिन. वजन सव्वादोन टनांच्या वर! पण या बलभीमाचा जीव अडकला होता प्लॅस्टिकच्या नळ्यांत. इंजिन थंड ठेवणारे पाणी ज्या नळ्यांतून फिरे, त्या सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या घळीत बसवलेल्या. वर्षानुवर्षे उष्णता सोसून त्या कडक होत, तडकत, आणि पाणी तिथेच खाली असलेल्या स्टार्टरवर सांडे. पुढे अॅल्युमिनियमच्या नळ्या आल्या. पण बदलायच्या तर इंजिनाचा वरचा सारा पसारा उतरवावा लागे. नळी स्वस्त, तिच्यापर्यंत पोचणे महाग! मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याला मधोमध आधार देणारे एक बेअरिंग असते. त्याचे रबर झिजले की पायाखाली धडधड ऐकू येते. काचेखालच्या पन्हळी पानांनी तुंबल्या की पावसाचे पाणी आत शिरते. आणि बॅटरी तर पुढच्या आसनाखालीच!

बाकीच्या खर्चाला कंपनीचे बंधन नाही. चारही चाके जोर लावणाऱ्या गाडीचे टायर झिजीत फार वेगळे चालत नाहीत, म्हणून बहुधा चारही एकदम घ्यावे लागतात. आठ सिलिंडर म्हटले की प्लगही आठ आणि कॉइलही आठ. आणि विमा? अपघात झाला तर विमा. यंत्र आपल्या मरणाने मेले तर विमा कंपनी नुसती हळहळते. अपघातातही रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांची निम्मी किंमत घसारा म्हणून आपल्याच माथी येते. आणि जुन्या गाडीला घसारा माफ करणारा विमा सहसा मिळत नाही.

हे सारे मी शालकांना सांगितले. ते हसून म्हणाले, "भाऊजी, तुम्ही व्याकरण पाहा."

जुलैत व्याकरणाची वेळ आली. मुसळधार पावसाची सकाळ. भाचीला महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. शुल्क भरायला चार दिवस उरले होते. शालक खाली उतरले, तर गाडी नंदीसारखी पुढचे पाय दुमडून बसलेली! अशा गाडीत स्प्रिंगेच्या जागी हवेचे रबरी फुगे असतात. फुगा चिरला की हवा जाते; ती भरता भरता कॉम्प्रेसर ऊर फुटेस्तोवर धावतो आणि तोही जातो. उचलगाडी आली. गॅरेजातून अंदाजपत्रक आले: तीन लाख चाळीस हजार. ते वाचून शालक त्या गाडीसारखेच खाली बसले.

रात्री सगळी आमच्याकडे जमली. सौभाग्यवती आत गेल्या आणि आपल्या पाटल्या आणून भावापुढे ठेवल्या. कुणी काही बोलेना. मग भाची म्हणाली, "बाबा, मी यंदा थांबते. पुढच्या वर्षी भरू." आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच तो ऐकवेना.

शालक उठले. पाटल्या बहिणीच्या हातात परत दिल्या आणि म्हणाले, "ताई, विकतो." दुसऱ्या दिवशी, आहे त्या स्थितीत, साडेआठ लाखांना गाडी गेली. घेणाऱ्याने आगाऊ दिलेल्या पैशांतून शेवटच्या दिवशी शुल्क भरले गेले. दहा महिन्यांत साडेपाच लाख बुडाले; पेट्रोल, विमा आणि टायर वेगळेच.

वाचकहो, हौसेला माझा विरोध नाही. पण अशी गाडी घ्यायचीच असेल, तर जाणत्या मिस्त्रीला आधी दाखवा. रात्रभर उभी ठेवून सकाळी बसली आहे का पाहा. इंजिन थंड असताना चालू करून ऐका. पायाखालचा गालिचा ओला आहे का चाचपा. टायरवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. दुरुस्तीच्या पावत्या मागा. पावत्या नसतील तर गाडीही नको. नमुना 29 आणि 30 भरून गाडी वेळेत नावावर करून घ्या. गाडी दिल्लीहून स्वस्तात येत असेल, तर स्वस्ताईचे कारण विचारा. हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना तिथले रस्ते बंद केल्यावर अशा पुष्कळ गाड्या परप्रांती निघाल्या. आणि सर्वांत महत्त्वाचे: एका मोठ्या दुरुस्तीचे पैसे वेगळे काढून उरतील तेवढ्यातच गाडी घ्या. मुलांच्या ठेवीला हात लावू नका.

यंदा दसऱ्याला शालक रिक्षाने आले. बरोबर भाची होती, हातात पहिल्या सत्राची पुस्तके. सोने देताना शालकांनी विचारले, "भाऊजी, तेव्हा व्याकरणात नेमकं काय पाहिलं होतंत?"

मी म्हणालो, "षष्ठी विभक्ती. आपण म्हणतो 'गाडीचा मालक'. प्रत्यय कोणाला लागलाय बघ. शब्दाशब्दांत लिहिलंय, मालक गाडीचा असतो!"

भाची इतकी हसली की तिच्या हातातले सोने खाली सांडले.