बाप गेला म्हणून कॉलेज सुटू नये

बारावीचा निकाल लागला. आपल्या वाड्यांवर पेढे वाटायची रीत नाही, पण एका वाडीवर त्या दिवशी सगळ्यांना गुळाचा चहा मिळाला. तिथली एक पोरगी पास झालीय. नाव लिहीत नाही, तिला नको आहे. तिची आई दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली. बाप यंदा जानेवारीत वीटभट्टीवरच वारला, परजिल्ह्यात. माती तिकडेच दिली. बाराव्यानंतर काही दिवसांनी ती परीक्षेला बसली आणि पास झाली.

चहा पिता पिता चुलती म्हणाली, "पास झाली, लय बरं झालं. पन आता फुडं शिकून काय? धाकट्या दोघांना कोन बघनार?"

चुलतीच्या मनात काळंबेरं नव्हतं. दिवाळीनंतर तिला स्वतःलाच भट्टीवर जायचंय. आम्ही संघटनेचे चार जण तिथे बसलो होतो, पण कोणालाच उत्तर देता आलं नाही. खाली मान घालून चहा संपवला नि निघालो. तेव्हा जे बोलता आलं नाही ते आता लिहितोय.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आधी सांगतो. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. बाबासाहेब लहान असतानाच त्यांची आई भीमाबाई वारली. आत्या मीराबाईने पोरांना वाढवलं. बाबासाहेब बी.ए. झाले, १९१३ च्या जानेवारीत बडोद्याला नोकरीवर गेले, आणि थोड्याच दिवसांत बाप आजारी असल्याची तार आली. सांगतात की वाटेत सुरतेला बापासाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. मुंबईला पोचले तेव्हा रामजींचे शेवटचे श्वास राहिले होते. २ फेब्रुवारी १९१३ ला ते गेले. आणि त्याच वर्षीच्या जुलैत बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला पोचले. बाप जाऊन सहा महिनेसुद्धा झाले नव्हते.

ही गोष्ट १४ एप्रिलला सगळे सांगतात आणि शेवटी म्हणतात, बघा केवढी जिद्द. जिद्द होतीच. पण आमचं लक्ष दुसरीकडे जातं. आई गेली तेव्हा आत्या उभी राहिली. बी.ए.ला पैसे कमी पडले तेव्हा केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. बाप गेल्यावर बडोदा संस्थानाने तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती दिली, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची असा करार लिहून घेतला. म्हणजे प्रत्येक वेळी कोणीतरी दुसरा टोक धरायला होता. एकट्याने मोळी डोक्यावर चढत नाही, हात लावायला माणूस लागतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आदिवासींमधलं उदाहरण पाहिजे तर धुळे जिल्ह्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड. भिल्ल समाजातले. जन्मायच्या आधीच बाप गेला. आईने मोहाची दारू विकून घर चालवलं. ते नवोदय विद्यालयात शिकले, मुंबईत केईएमला डॉक्टर झाले, २०१३ च्या तुकडीत आयएएस झाले. पेपरवाल्यांना अशी बातमी आवडते. पण नवोदय विद्यालयात राहणं, जेवण, पुस्तकं फुकट असतात, हे त्या बातमीत बारीक अक्षरात असतं. पोट आणि छप्पर यांची सोय झाली म्हणून त्या माउलीच्या कष्टाला फळ आलं.

मग आपल्या पोरीला कोण आहे? महाराजा नाही, आणि आम्हाला नकोही आहे. आता कायदा आहे, योजना आहेत. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर आदिवासी मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विभागाची वसतिगृहं आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी खात्यावर पैसे देणारी स्वयम् योजना आहे. आईबाप दोन्ही नसलेल्यांना २०१८ पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, आणि नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांनाही नंतर त्यात घेतलंय. कागदावर सगळं आहे. अडतं तेही कागदावरच, कारण आपल्याकडे कागद बापाच्या नावाचा असतो आणि बाप गेला की कागदही मुका होतो.

त्या पोरीचंच बघा. अनाथ आहे हे दाखवायला आईबापाचे मृत्यूचे दाखले पाहिजेत. आईचा आहे. बापाचा नाही. मृत्यूची नोंद माणूस जिथे वारला तिथल्या ग्रामपंचायतीत होते, आपल्या गावात नाही, आणि ती २१ दिवसांत करायची असते. भट्टीवर मुकादमाने हिशेब केला, टेम्पो करून दिला, नोंदीचं कोण बोलतो? उत्पन्नाचा दाखला काढायला गेलो तर एका कार्यालयात विचारलं, "उत्पन्न कोणाचं लिहू?" शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरायचा, तर तिच्या आधारला बापाचा मोबाइल नंबर जोडलेला. त्यावर येणारा ओटीपी कुठे जातो? सिम बंद झालंय. मेलेल्या माणसाच्या फोनवर आकडे येत राहतात आणि पोरगी सायबरवाल्याच्या दुकानात बाकड्यावर बसून राहते.

जातपडताळणी तर आणखी लांबची वाट. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, बापाकडच्या रक्ताच्या नात्यातला. आपला आजा तेव्हा कोळशाच्या भट्ट्या लावत डोंगर बदलत होता. त्याला शाळा कुठली नि दाखला कुठला? त्यात आपली आडनावं पवार, जाधव, वाघमारे. टेबलामागचा माणूस आडनाव वाचतो आणि वर बघून विचारतो, नक्की कातकरीच का? बाप जिवंत असेल तर तो चार नातेवाईक उभे करतो, वंशावळ तोंडपाठ सांगतो. बाप नसलेल्या पोरीने ठाण्याच्या समितीपुढे काय सांगायचं? प्रकल्प कार्यालय पेणला, समिती ठाण्याला. खेडवरून, मंडणगडवरून एक फेरी म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली.

आता आमचं खरं म्हणणं. ह्यात सरकारचा दोष आहेच, तो आपण मोर्चात बोलतो. पण थोडं आपल्याही वाडीवर बोलायला पाहिजे. हे काहींना आवडणार नाही.

त्या पोरीच्या बापाने वनहक्काचा दावा केलाय. दळीची जमीन, आजापासून नाचणी-वरीची. आपल्या जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही म्हणून पेसा लागू नाही, पण २००६ चा वनहक्क कायदा लागू आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की हा हक्क विकता येत नाही पण वारसाला मिळतो. नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंद होते, आणि पुढचा वारस मुलगा असो की मुलगी, कायदा भेद करत नाही. असं असताना बाप गेला की भाऊबंद बांध सरकवतात. "पोरगी काय, लगीन होऊन जाईल" म्हणतात. पोरगी कॉलेजला गेली म्हणजे तिने जमीन सोडली, असा अर्थ परस्पर काढतात. मग पोरींनाही वाटतं की शिकायला गेलो तर धाकट्यांच्या तोंडचा घास जाईल. कॉलेज सोडायचं हेही एक कारण असतं, फक्त ते कोणी बोलत नाही. वनखात्याने एक गुंठा घेतला तर आपण रस्ता अडवतो. चुलत्याने दहा गुंठे घेतले तर गप्प बसतो.

म्हणून आमचं मत असं की आईबाप गेलेल्या पोरांचे कागद हे संघटनेचं काम आहे, जमिनीच्या दाव्याइतकंच. माणूस गेला की बाराव्याला सगळे जमतातच. त्याच दिवशी वनहक्क समितीच्या माणसाने दाव्याची पावती बघावी, वारसांची सगळी नावं, मुलींसकट, लिहून घ्यावीत आणि पुढच्या ग्रामसभेत ठरावात घालावीत. आधारचा नंबर बदलायला कोणीतरी पोराबरोबर तालुक्याला जावं. ज्या म्हाताऱ्यांना वंशावळ पाठ आहे त्यांच्याकडून ती आताच वहीत उतरवावी. ती माणसंही पिकली पानं आहेत.

आणि धाकटी भावंडं? चुलतीचा प्रश्न खरा आहे. आश्रमशाळेत दोघांची जागा बघायचं काम आम्ही घेतलंय. सुट्टीत ती दोघं कोणाकडे राहतील ते वाडीने ठरवायचं, एकट्या चुलतीवर टाकायचं नाही. पोरीचं म्हणणं आम्ही विचारलं. ती म्हणाली, "मला शिकायचंय. पन नाय जमलं तर मला कोनी बोल लावू नका."

बापाच्या मृत्यूची नोंद अजून वर्षाच्या आत आहे. उशिराची लेखी परवानगी आणि स्वयंसाक्षांकित कागद देऊन होऊ शकते. सोमवारी आमच्यातले दोघे तिकडच्या ग्रामपंचायतीत जातायत. त्या रात्री भट्टीवर जे जे होते त्यांनी रविवारपर्यंत निरोप धाडावा, साक्षीला माणूस लागेल. मुकादमाची भीती धरू नका, त्याचं नाव कुठे लिहायचं नाही. येण्या-जाण्याचं भाडं संघटनेच्या पेटीतून मिळेल.