पोरांच्या हाती पाटी द्या, पण तोंडाला कुलूप लावू नका!



आपल्या चाळींतून दोन सल्ले पिढ्यानपिढ्या फुकट वाटले जात आहेत. पहिला सल्ला: ‘कामगाराच्या पोराला शिकून काय दिवे लावायचे आहेत?’ पूर्वी म्हणत, चिकटवा बदलीत. आता म्हणतात, लावा सामान पोचवायच्या कामाला. तरीही पोरगं शिकलंच, तर दुसरा सल्ला तयार: ‘शिकतोस ना? मग गुमान शीक. मोर्चाबिर्चाच्या भानगडीत पडू नकोस.’

सल्ले दोन, पण फायदा एकाचाच, मालकाचा! अडाणी कामगार त्याला स्वस्त पडतो, आणि शिकलेला पण मुका कामगार त्याहून स्वस्त. हे दोन्ही सल्ले खोटे आहेत असे आम्ही म्हणतो. साक्षीला आपलाच इतिहास उभा आहे.

१८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. जोतिराव फुले तेव्हा ऐन विशीतले आणि शिकवणाऱ्या सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला गेला. पाटी-पेन्सिलीला एवढे का बरे भ्याले हे लोक? उत्तर सात वर्षांत मिळाले. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांगाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. आमच्या बायका उघड्यावर बाळंत होतात, त्यांचे हाल कोणाला कळणार, असे तिने विचारले. वेद वाचायचा आम्हांला अधिकार नाही, मग आमचा धर्म तरी कोणता, असेही विचारले. ज्या पोरीची सावलीसुद्धा चालत नव्हती, तिचा सवाल छापून गावभर गेला! शेण फेकणाऱ्यांना भीती होती ती ह्याच सवालाची.

त्याच १८५५ साली फुले दांपत्याने कामकरी आणि शेतकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा उघडली. दिवसभर राबलेल्या माणसाला कंदिलाच्या उजेडात अक्षर गिरवावेसे वाटते, हे त्यांनी ओळखले होते.

ह्याच फुल्यांच्या विचारांत नारायण मेघाजी लोखंडे तयार झाले. त्यांनी गिरणीत नोकरी केली आणि ‘दीनबंधू’ पत्रही चालवले. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांची सभा भरवली आणि मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेतल्या. रविवारची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, पगार वेळेवर द्या! अर्ज लिहायला अक्षर लागले आणि साडेपाच हजार सह्यांना एकजूट लागली. अर्ज करून ते घरी बसले नाहीत, पुन्हा पुन्हा सभा घेत राहिले. १८९० च्या सभेत तर गिरणीतल्या दोन बाया उभ्या राहून बोलल्या! त्याच वर्षी १० जूनला रविवारची सुट्टी पदरात पडली. बंधूंनो, रविवारी पोराबाळांत बसून खाल्लेला घास हे कोण्या शेठजींचे दान नव्हे.

आणि अण्णा भाऊ साठे? शाळा लाभली दीड दिवसाची. वाटेगावहून मुंबईला आले ते पायी. गिरणीत राबता राबता, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षर शिकले आणि कामगार चळवळीत उभे राहिले. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह लालबावटा कलापथक काढले, आणि १९५९ साली ‘फकिरा’ लिहिली. अक्षराने त्यांना शब्द दिले, चळवळीने आवाज दिला. नुसत्या एकावर हे झाले असते काय?

‘विद्यार्थ्यांनी राजकारण करू नये’ म्हणणाऱ्यांनी जरा ढाक्याकडे पाहावे. २१ फेब्रुवारी १९५२ ला तिथले विद्यार्थी बंदी मोडून आपल्या बंगाली भाषेसाठी रस्त्यावर आले आणि गोळीला सामोरे गेले. पुढे १९९९ साली युनेस्कोने तोच दिवस जगाचा मातृभाषा दिन ठरवला. तीनच वर्षांनी, २१ नोव्हेंबर १९५५ ला, आपल्या मुंबईत फ्लोरा फाउंटनवर मराठी भाषकांच्या राज्यासाठी कामगारांचा मोर्चा अडवून गोळ्या घातल्या. त्या लढ्याच्या शंभरावर हुतात्म्यांत कोवळी पोरं होती. १ मे १९६० चा महाराष्ट्र त्यांच्या रक्तावर उभा राहिला.

आता कोणी म्हणेल, गोळ्या-लाठ्यांचे दिवस गेले, आता कशाला भ्यायचे? बाबांनो, आता लाठीही लागत नाही, कागद पुरतो! १९९१ च्या नियमाने गिरणीची जमीन विकासाला निघाली तर तिचे तीन वाटे ठरले होते: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियमाची भाषा बदलली आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केले. शहराचा आणि घरांचा वाटा आक्रसला, आणि भोंगा वाजायचा तिथे टॉवर चढले. ती बदललेली ओळ बदलली त्याच दिवशी वाचणारी आणि वाचून चाळ उठवणारी पोरं प्रत्येक खोलीत असती, तर?

पोलीस केस होईल, नोकरी जाईल, ही आईबापांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. एकट्या पोराची नोकरी जाते हे खरेच. म्हणूनच त्याला एकटे सोडू नका! सबंध चाळ मागे उभी असली की त्याच्या अंगाला हात लावताना दहादा विचार करावा लागतो.

म्हणून पोरीला शाळेतून काढू नका, पोराला रात्रशाळेत धाडा. आणि शिकलेल्या पोराने सभेत तोंड उघडले तर त्याला खाली बसवू नका, पुढे बसवा! त्याला घरी आलेली नोटीस मोठ्याने वाचायला सांगा, युनियनचा अर्ज लिहायला सांगा.

शिकलेलं पोर बोललंच पाहिजे!
बोलणाऱ्या पोरामागे चाळ उभी राहिलीच पाहिजे!