कॅलिबर छापता, मग पीळ का नाही?

स्वदेशी रायफलीची बातमी आली की राष्ट्रीय माध्यमे कॅलिबर, वजन, पल्ला छापतात. नळीतील आट्यांचा पीळ मात्र कुणी विचारत नाही. वास्तविक गोळी सरळ जाते ती त्याच्याच बळावर. हवेचा दाब तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे लागून तिला उलथवू पाहतो. स्वतःभोवतीची गिरकी तिला सावरते. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा, हे ग्रीनहिल यांनी १८७९ मध्येच सूत्रबद्ध केले.

अमेरिकेच्या एम-१६ चा १४ इंचांत एक फेरा हा पीळ थंड, दाट हवेत अपुरा पडला. तो १२ इंचांवर आणि पुढे लांब गोळ्यांसाठी ७ इंचांवर आणावा लागला. कॅलिबर तेच, ५.५६ मिलिमीटर, पीळ तीन! केवळ कॅलिबरवरून रायफलीचा निवाडा करणे ही विज्ञानवार्ता नव्हे, जाहिरात होय.