निवडलेले कोण, हे शनिवार तेल्यांना विचारा

गाझाची बातमी आली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य हमखास फिरतं: 'यहुदी स्वतःला अल्लाहची निवडलेली कौम समजतात, म्हणून ते असे वागतात.' खाली अंगठ्यांची रांग लागते. गाझात जे चाललं त्याचा संताप मलाही आहे, आणि तो का आहे हे पुढे सांगतोच. पण हे वाक्य चुकीचं आहे. शिवाय ते फॉरवर्ड करून आपण आपलंच नुकसान करतो, कारण ज्या रोगाचं नाव आपण घेतो तो रोग आपल्या घरात आहे.

सुरुवात आपल्याच मुलखातल्या यहुद्यांपासून करू. अलिबाग, पेण, चौल, रोहा या पट्ट्यात शेकडो वर्षं राहिलेला बेने इस्राईल समाज मराठी बोलतो. त्यांची आडनावं दिवेकर, केहीमकर, पेणकर, चेऊलकर. हे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेली सात जोडपी आपले पूर्वज, अशी त्यांची परंपरा आहे. ग्रंथ नव्हते, पण सुंता, शनिवारची सुट्टी, खाण्यापिण्याचे नियम आणि एका ईश्वराची ग्वाही देणारी शेमा ही प्रार्थना त्यांनी टिकवली. त्यांच्यात धर्मकार्य करणाऱ्याला काजी म्हणत आणि प्रार्थनास्थळाला मशीद. मुंबईत मांडवीला त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी उभारलं. कंपनीच्या फौजेतले हे दिवेकर टिपू सुलतानच्या कैदेत सापडले होते. 'आम्ही बनी इस्राईल' असं सांगितल्यावर, हे नाव तर कुरआनात आहे म्हणून टिपूच्या आईने त्यांना अभय मिळवून दिलं, अशी आख्यायिका त्या समाजात सांगतात. कवी निस्सीम इझिकेल आणि हिंदी सिनेमातला डेव्हिड हे याच समाजातले.

'निवडलेली कौम' या शब्दांचा अर्थ या मराठी माणसांना विचारून बघा. ती निवड त्यांच्या वाट्याला कशी आली, ते इतिहासात नोंदलेलं आहे.

मुंबईत बगदादहून आलेले श्रीमंत यहुदी व्यापारी स्थिरावले. या सावळ्या, मराठी बोलणाऱ्या भावांबरोबर आपली गणना होऊ नये असं त्यांना वाटू लागलं. बेने इस्राईलांची यहुदी असण्याची शुद्धता ते मानेनात. दफनभूमीत दोघांच्या मध्ये भिंत हवी, अशी मागणी 1836 मध्येच सरकारकडे गेली होती. मेल्यावरसुद्धा वेगळे! आणि ज्यांना बगदादी कमी लेखत होते, त्या बेने इस्राईलांच्या आतही गोरे इस्राईल आणि काळे इस्राईल अशी फूट होती. आई बाहेरच्या जातीतली असेल तर संतती काळी ठरायची. गोरे त्यांच्याशी लग्नसंबंध करत नसत.

1948 नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. तिथे पोचल्यावर भेदभावाच्या तक्रारी सुरू झाल्या. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीलाच काही कुटुंबांनी धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली आणि काही खरोखर परतली. मग मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या काळात, 1961-62 च्या सुमारास, विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना गेली की बेने इस्राईलांचं इतर यहुद्यांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या आई, आजी, पणजीपर्यंतचा तपास करा. अलिबागच्या घाण्यावर शनिवार पाळणाऱ्या पणजीचा पुरावा तेल अवीवमध्ये मागितला गेला. समाज रस्त्यावर आला. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आंदोलन पेटलं. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेला जाहीर करावं लागलं की बेने इस्राईल सर्व बाबतीत इतर यहुद्यांसारखेच यहुदी आहेत. त्यानंतर रब्बींनी सूचनेतून त्यांचं नाव काढलं.

निवड रक्तातून येते असं एकदा ठरलं की रक्त तपासणारा अधिकारी लागतो. तो अधिकारी पहिला दरवाजा शत्रूचा ठोठावत नाही, स्वतःच्या गरीब, काळ्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या भावाचा ठोठावतो.

पण यहुदी धर्मात निवडीचा हा एकच अर्थ आहे का? नाही, आणि आपले फॉरवर्ड नेमके इथे चुकतात. तौरातमधली निवड हा करार आहे. आमोस नावाचा त्यांचा नबी बनी इस्राईलला बजावतो की ईश्वराने तुम्हाला जवळ केलं आहे, म्हणूनच तुमच्या गुन्ह्यांचा हिशोब तो सोडणार नाही. माझ्या क्षेत्रात ऑन कॉल नावाचा प्रकार असतो. त्या आठवड्यात सर्व्हर बसला तर रात्री तीनला फोन तुमचाच वाजतो. यादीत नाव आलं म्हणून कुणी पेढे वाटत नाही. आमोसची निवड या जातीची आहे.

बाराव्या शतकात दोन मोठे यहुदी विद्वान या प्रश्नावर दोन बाजूंना होते. यहूदा हलेवी मानत की बनी इस्राईलच्या वंशातच एक खास गुण आहे आणि नव्याने धर्म स्वीकारणारा त्याची पूर्ण बरोबरी करू शकत नाही. कैरोत राहून अरबीत लिहिणाऱ्या मूसा बिन मैमून यांना ओबद्या नावाच्या नव्या यहुद्याने विचारलं, मी प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा ईश्वर' असं म्हणू का? त्यांनी कळवलं की बेलाशक म्हण, जो इब्राहीमच्या वाटेवर चालतो तो इब्राहीमचाच. विसाव्या शतकात येशायाहू लाइबोवित्झ नावाचे कट्टर धर्मपालक यहुदी शास्त्रज्ञ जेरुसलेममध्ये बसून सांगत राहिले की निवड ही मागणी आहे, अंगचा गुण नाही. 1967 नंतर व्यापलेल्या जमिनीवरचा कब्जा सोडा, असंही ते अखेरपर्यंत ओरडून सांगत होते.

म्हणून माझा संताप कुठे आहे ते नीट सांगतो. 19 जुलै 2018 रोजी इस्रायलच्या संसदेने कायदा केला की त्या राष्ट्रात स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त यहुदी जनतेचा आहे. आमोसचा करार तिथे जमिनीचा सातबारा झाला. वेस्ट बँकमधली वसाहत, गाझाची नाकेबंदी, बॉम्बखाली गेलेली पोरं या सगळ्याला जबाबदार आहेत ते सरकार, ते लष्कर आणि त्यांना शस्त्रं पुरवणारे देश. त्यांची नावं घेऊन बोला. अलिबागच्या सिनेगॉगमध्ये दिवा लावणारी म्हातारी त्याला जबाबदार नाही. बॉम्बस्फोट कुठेही झाला की कबनूरच्या मुसलमानाने खुलासा का द्यावा, असा प्रश्न आपण विचारतो. योग्यच विचारतो. मग तोच न्याय तिला लावा.

आता आपल्याकडे वळू. मी कबनूरचा. वडील यंत्रमागावर जॉबर होते. बहिणीसाठी एक स्थळ आलं तेव्हा समोरून पहिला प्रश्न आला, 'तुम्ही कोण?' मुसलमान, असं सांगितलं. 'ते कळलं हो, पण कोण?' पुढचं तुम्हाला माहीत आहे. बागवान, अत्तार, शिकलगार, नदाफ, मोमीन, मुजावर, वर सय्यद आणि पठाण. नमाजेला खांद्याला खांदा, सोयरिकीला पणजीचा तपास. वर आणखी एक परीक्षा असते: घरात मराठी बोलता, उर्दू साफ नाही, मग तुम्ही कसले पक्के मुसलमान? बगदादी व्यापारी दिवेकरांना हेच विचारत होते. नव्वदच्या दशकात शब्बीर अन्सारींच्या मुस्लिम ओबीसी चळवळीने या जातींसाठी सवलती मागितल्या, तेव्हा 'इस्लाममध्ये जात नसते' असं त्यांना ऐकवणारे कमी नव्हते. धर्मात नाही हे खरंच आहे. बायोडेटात मात्र ती असते.

कुरआन या बाबतीत आपल्याला सूट देत नाही. सूरह माइदाच्या 18 व्या आयतीत 'आम्ही अल्लाहचे लाडके' म्हणणाऱ्या यहुदी आणि ख्रिश्चनांना सवाल आहे की मग तुमच्या गुन्ह्यांची शिक्षा तुम्हाला का होते? ही आयत आपण मोठ्याने वाचतो. पण सूरह निसाची 123 वी आयत सांगते की फैसला तुमच्या इच्छेवर नाही आणि ग्रंथधारकांच्याही नाही, जो वाईट करील त्याला त्याचं फळ मिळेल. तिथे संबोधन आपल्याला आहे. 'खैरु उम्मत' म्हणून आपण ज्या आले इमरानच्या 110 व्या आयतीचा अभिमान बाळगतो, तिच्यात उत्तम ठरण्याची कारणं लगेच दिली आहेत: भल्याचा आग्रह, बुऱ्याला मज्जाव, ईमान. काम सोडलं तर पद कशाच्या जोरावर सांगणार? आणि अखेरच्या हजच्या खुतब्यात पैगंबरांनी (स.) अरबाला गैरअरबावर, गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाकारलं. तकवा तेवढी वेगळी ठेवली.

काही मित्र म्हणतील, गाझा जळत असताना हा विषय कशाला? कारण जन्माने श्रेष्ठ असण्याच्या दाव्याविरुद्ध आपण रस्त्यावर उतरतो आहोत. तो दावा आपल्याच निकाहाच्या बोलणीत चालत असेल, तर आपला विरोध तत्त्वाला आहे की फक्त माणसाला, असं समोरचा विचारणारच.

तेव्हा पॅलेस्टाईनसाठी मोर्चा निघाला तर जरूर जा, बॅनर मराठीत लिहा, त्यावर 'यहुदी' हा शब्द शिवीसारखा येऊ देऊ नका. आणि घरात पुढचं स्थळ येईल तेव्हा 'कोण?' हा प्रश्न विचारायची पाळी तुमच्या अब्बांवर किंवा चाचांवर येईल. त्या क्षणी मोबाइल खाली ठेवून तोंड उघडा. ग्रुपवर लिहिण्यापेक्षा ते फार अवघड आहे.