मातीची तपासणी होते, मग श्वासाची का नको?

आपल्या भागातला शेतकरी आता मोजमापाला चांगलाच सरावला आहे. काट्याची पावती हातात पडल्याशिवाय तो उसाची गाडी हलवत नाही. दुधाची फॅट लागल्याशिवाय डेअरीतून निघत नाही. सोयाबीनचा ओलावा मीटरवर पाहिल्याशिवाय व्यापाऱ्याशी भावाचं बोलत नाही. 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिकाही गावोगाव आल्या. मात्र ज्या छातीच्या जोरावर ही सगळी शेती उभी आहे, त्या छातीचं मोजमाप कधी झालं का, असं विचारलं तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

माझं काम कृषी विस्ताराचं, डॉक्टरकीचं नव्हे. तरीही हा विषय शेतीच्या पानावर यावा असं मला वाटतं, कारण हा आजार शेताच्या बांधावरच दिसतो. पन्नाशीचा गडी दोन वाफ्यांना दारं धरतो आणि धापा टाकत खाली बसतो. हंडा घेऊन येणारी बाई चढावर दोनदा थांबते. विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. कोणी म्हणतं वय झालं, कोणी म्हणतं दमा आहे, तर कोणी हळूच टीबीचं नाव घेतं. तपासणी मात्र कोणाचीच झालेली नसते. मग सुरू होतं दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला!

हा प्रश्न किरकोळ नाही. देशातल्या आजारांचा राज्यवार हिशेब मांडला गेला, त्यात 2016 साली हृदयविकाराच्या खालोखाल सर्वाधिक मृत्यू सीओपीडी या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराने झाल्याचं दिसलं. हा आजार फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो, हा समज आधी काढून टाकावा. चुलीपुढे जन्म घालवलेल्या बाईने विडीला हातही लावलेला नसतो, तरी धूर तिच्याच छातीत जातो. उज्ज्वला योजना 2016 साली आली, गॅस आला, पण पाणी तापवायला आणि भाकरीला चूल अजून पेटतेच. त्यात मळणीची धूळ, कापसाचा पिंजर, पाचट जाळल्याचा धूर यांची भर पडते. टीबी बरा झालेल्या काहींच्या श्वासनलिकाही कायमच्या अरुंद राहतात.

श्वास मोजतात कसा?

लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी छातीतली हवा मोजण्याचं यंत्र 1846 साली जगापुढे मांडलं. त्याला स्पायरोमीटर म्हणतात. आज ते हातात मावेल एवढ्या आकारातही मिळतं. नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठात घट्ट धरायची आणि सगळा जोर लावून फुंकायचं. किमान सहा सेकंद तरी फुंकर तुटू द्यायची नाही. असं तीनदा तरी नीट जमावं लागतं. सुई टोचायची नाही की रक्त काढायचं नाही.

यंत्र दोन आकडे सांगतं. एक म्हणजे एकूण किती हवा बाहेर आली आणि दुसरा म्हणजे पहिल्या सेकंदात किती आली. समजा एका निरोगी माणसाने चार लिटर हवा फुंकली, तर त्यातली तीन लिटरच्या वर पहिल्याच सेकंदात निघते. नलिका अरुंद झालेल्या माणसाची एकूण तीन लिटर निघाली, तर पहिल्या सेकंदात कदाचित दीडच लिटर येईल. पहिल्या सेकंदाचा हिस्सा 70 टक्क्यांच्या खाली असेल, तर वाट अडली आहे असं साधारणपणे धरतात. वय, उंची आणि बाई की पुरुष हे बघूनच डॉक्टर त्याचा अर्थ लावतात.

आता ठिबकचं उदाहरण घ्या. शेवटच्या झाडाला पाणी कमी पडलं, तर लॅटरलमध्ये क्षार साचले असतील किंवा नळीच दबली असेल. ॲसिड प्रक्रिया केल्यावर धार पूर्ववत झाली, तर दोष क्षाराचा होता. फुफ्फुसाचंही असंच आहे. पहिल्या फुंकरीनंतर नलिका मोकळ्या करणारं औषध पंपाने देतात आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदाची हवा 12 टक्के आणि 200 मिलिलिटरपेक्षा जास्त वाढली, तर दम्याकडे बोट जातं. औषधानंतरही आकडा 70 च्या खालीच राहिला, तर सीओपीडीचा विचार होतो. काहींना दोन्ही असतात.

श्वासनलिकांचा हळवेपणा

दुसरी गोष्ट आहे हळवेपणाची. एकाच थ्रेशरवर चार गडी काम करतात, धूळ सगळ्यांच्या नाकात जाते, पण एकाचीच छाती आवळते. त्याच्या श्वासनलिका थोड्याशा त्रासानेही आखडतात. मोठ्या रुग्णालयात हा हळवेपणाही मोजतात. मेथाकोलीन नावाचं औषध अगदी कमी प्रमाणापासून हळूहळू वाढवत हुंगायला देतात आणि दरवेळी फुंकून घेतात. पहिल्या सेकंदाची हवा 20 टक्क्यांनी उतरली की थांबतात आणि लगेच नलिका मोकळ्या करतात. जितक्या कमी औषधात उतरली, तितका हळवेपणा जास्त. ज्यांचा श्वास आधीच फार खाली गेला आहे, त्यांची ही चाचणी करत नाहीत.

याचा उपयोग काय? अमेरिका आणि कॅनडात 1986 साली सुरू झालेल्या एका अभ्यासात 5,887 धूम्रपान करणाऱ्यांची फुफ्फुसं वर्षानुवर्षं मोजली गेली. ज्यांच्या नलिका जास्त हळव्या होत्या आणि तरी ज्यांनी सिगारेट सोडली नाही, त्यांचा श्वास जास्त वेगाने घसरला. ज्यांनी सोडली, त्यांची घसरण मंदावली. गेलेलं सगळं परत येत नाही, पण राहिलेलं वाचवता येतं.

सोयाबीनवाल्यांनी बार्सिलोनाची गोष्टही ऐकून ठेवावी. स्पेनमधल्या त्या शहरात 1981 ते 1987 या काळात ठराविक दिवशी दम्याच्या रुग्णांची एकदम गर्दी उसळायची. शोध घेतल्यावर कळलं, की त्या दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरत होतं आणि सायलोला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. गाळण्या बसवल्या आणि साथ थांबली. दाणा तोच होता, फक्त धूळ अडवली गेली.

ऑक्सिमीटर पुरेसा नाही

काही पुढारी मंडळी म्हणतील, कोविडच्या वेळी ऑक्सिमीटर घेतले आहेत की! 2020 साली घरोघर बोटं तपासली गेली, हे खरं. पण ते यंत्र रक्तातला प्राणवायू दाखवतं, छातीच्या भात्याचा जोर दाखवत नाही. भात्याची निम्मी ताकद गेली तरी बोटावरचा आकडा 96-97 दिसू शकतो. आकडा उतरेपर्यंत वाट बघणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

दुसरा आक्षेप असा, की औषध शेवटी पंपच ना, मग तपासणी कशाला? यातच खरी मेख आहे. दम्यात सूज कमी करणारा पंप नियमित लागतो. तो न घेता नुसता तात्पुरता आराम देणारा पंप मारत राहणं जिवावर बेतू शकतं. सीओपीडीत औषधांचा क्रम वेगळा असतो. निदान न करता वर्षानुवर्षं स्टेरॉईडच्या गोळ्या घेतल्या, तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू होतो. कशात काय मिसळलंय हे ठाऊक नसलेल्या पुड्यांबद्दल तर बोलायलाच नको. आणि पंपाची सवय लागते ही भीती सोडा. पिकाला पंप चालतो आणि माणसाला का नको?

गावाने काय करावं?

आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात स्वयंपाकाचं इंधन आणि धुरा-धुळीचं काम याबद्दल प्रश्न असतात. उत्तर कागदावर येतं आणि बहुतेक वेळा तिथंच राहतं. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा विषय ग्रामसभेत घ्यावा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात स्पायरोमीटर असावा, तो चालवणारा शिकलेला माणूस असावा आणि महिन्यातला एक दिवस त्यासाठी ठरलेला असावा, असा ठराव करून पाठवावा. यंत्र कपाटात कुलूपबंद राहिलं तर त्याचा काही उपयोग नाही, हे आपण पाणलोटाच्या पर्जन्यमापकांवरून शिकलो आहोत.

गावपातळीवर पीक फ्लो मीटर नावाची साधी नळी काही शे रुपयांत मिळते. सीओपीडीचं निदान तिच्यावर होत नाही. पण सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा वहीत टिपला, मळणीचे दिवस आणि सुट्टीचे दिवस वेगळे लिहिले, तर धुळीशी नातं आहे का हे डॉक्टरांना त्या वहीवरून कळतं.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासा. टीबी चालू असताना, खोकल्यातून रक्त पडत असताना, नुकताच हृदयविकार किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असताना फुंकण्याची चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. थ्रेशर लावताना वाऱ्याची दिशा बघा, तोंडाला रुमालाऐवजी एन-95 मास्क बांधा आणि विडी सोडा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, रानाचा कस उतरला तर शेणखत घालून पुन्हा आणता येतो. फुफ्फुसाचा कस गेला की तसा परत येत नाही. म्हणून तो किती उरला आहे, हे वेळेत मोजून घ्या. आणि मोजायची सोय नसेल, तर ती मागायला लाजू नका.