तत्त्वज्ञानाचा श्रीगणेशा कोठून करावा?

आपल्या जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कोणते मडके पक्के, कोणते कच्चे हे पाहिले, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. बाकीचे गप्प बसले. नामदेव तेवढे रागावले आणि कच्चे ठरले. पुढे विसोबा खेचरांकडे जाऊन ते नव्याने शिकले. कीर्तनांतून ही कथा गुरूचे माहात्म्य सांगण्यासाठी येते. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. नामदेव त्या वेळी अजाण बालक नव्हते. नावलौकिक असलेला माणूस स्वतःचे कच्चेपण मान्य करून शिकावयास निघाला. प्रौढ विद्यार्थी म्हणतात तो हाच!

असा कोणी शेतकरी, दुकानदार, निवृत्त गुरुजी किंवा गृहिणी आज आमच्या दारी येऊन म्हणाली, 'मला तत्त्वज्ञान समजून घ्यायचे आहे,' तर आम्ही काय देतो? प्रथम व्याख्या, मग सत्ताशास्त्र आणि ज्ञानमीमांसा, मग षड्दर्शनांची नावे. दुसऱ्या आठवड्याला तो माणूस फिरकत नाही आणि आम्ही म्हणतो, 'त्याचा तेवढा आवाका नाही.' मराठीत साधनांची वाण आहे असेही नाही. दे. द. वाडेकर यांच्या संपादकत्वाखाली मराठी तत्त्वज्ञान-महाकोशाचे तीन खंड १९७४ साली प्रसिद्ध झाले. परंतु कोश वाटेत अडल्यावर उघडावयाचा असतो. वाटेची सुरुवात त्याच्यापासून होत नसते.

माझे म्हणणे साधे आहे. प्रौढ माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही. त्याने मरणे पाहिलेली असतात, अन्याय सोसलेला असतो, शब्द दिलेला आणि मोडलेलाही असतो. त्याच्यापाशी प्रश्न आधीच आहे. शिकवणाऱ्याने तेथूनच सुरुवात करावी.

आपल्या भागातील असा प्रश्न कोणता? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून निजलेली गावे पाचच्या आत जमीनदोस्त झाली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. मृतांची संख्या आठ हजारांच्या आसपास, काही गणनांप्रमाणे त्याहूनही अधिक होती. 'देवाने हे का केले? आमचे काय चुकले?' हा प्रश्न अशा वेळी कोणाच्या ओठी येत नाही? आणि 'पाप भरले होते' हे उत्तरही तयारच असते. लेकरू गमावलेल्या आईला ते उत्तर अपराधी ठरवते, हे मात्र कोणी बोलत नाही.

येथे तत्त्वज्ञानाचे पहिले काम सुरू होते. 'का' या एका शब्दात दोन प्रश्न आहेत. घरे का पडली? दगडमातीच्या जाड भिंती, सांध्यांत पक्की बांधणी नाही, वर माळवदाचे ओझे, म्हणून. हे झाले कारण. 'माझ्याच वाट्याला का?' हा दुसरा प्रश्न, न्यायाचा. पहिल्याचे उत्तर अभियंता देईल. दुसऱ्याचे तो देऊ शकत नाही. एवढा भेद ज्याला कळला त्याने तत्त्वज्ञानाच्या अंगणात पाऊल टाकलेच.

मग त्याला सांगावे की, हा प्रश्न केवळ तुझा नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सणाच्या दिवशी, लिस्बन शहर भूकंपाने कोसळले. व्हॉल्टेअरने त्यावर काव्य लिहून 'जे घडते ते चांगल्यासाठीच' या समजुतीवर प्रहार केला. १७५६ साली रूसोने त्याला पत्राने उत्तर दिले : उंच इमारतींची ती दाटी निसर्गाने नव्हे, माणसांनी केली होती. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर हरकत घेतली, आणि गांधीजींनी ती हरकत आपल्याच 'हरिजन'मध्ये छापून उत्तर दिले. मतभेद कसा करावा याचा याहून चांगला धडा कोणता?

कोणी म्हणेल, पोटाची भ्रांत असलेल्याला हे कशाला? २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा अक्षरओळखीबद्दलही हाच आक्षेप असे. वस्तुतः ज्याच्या हाती थोडे आहे त्यालाच दुसऱ्याने दिलेले उत्तर महागात पडते. मात्र कोणाची श्रद्धा हिरावून घेणे हे आपले काम नव्हे. ती त्याने स्वतः तपासून ठेवावी किंवा सोडावी.

म्हणून एक नम्र सूचना. आपल्या महाविद्यालयाने महिन्यातून एक संध्याकाळ गावातील प्रौढांसाठी राखून ठेवावी. एकच प्रश्न घ्यावा, तोही त्यांनी विचारलेला. पारिभाषिक शब्द गरज पडल्यावरच यावा. आणि थापटणे फिरेल तेव्हा ते प्राध्यापकांच्या डोक्यावरही पडू द्यावे. आवाज कच्चा आला तर रागावू नये. नामदेवांचे शिक्षण तेथूनच सुरू झाले होते.