संदर्भासहित स्पष्टीकरण

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न पूर्वापार चालत आला आहे : ‘पुढील ओळींचे संदर्भासहित स्पष्टीकरण लिहा.’ कवितेच्या दोन ओळी किंवा गद्यातील एखादे वाक्य दिलेले असते. ते कोणत्या पाठातील आहे, कोण कोणास म्हणाले, कोणत्या प्रसंगी म्हणाले, हे विद्यार्थ्याने आधी सांगावे आणि मग अर्थाकडे वळावे, अशी अपेक्षा असते. संदर्भ चुकला तर पुढचे स्पष्टीकरण कितीही रसाळ असले तरी परीक्षकाचा हात आखडतो. वीसएक वर्षे हा प्रश्न काढल्यावर आणि तपासल्यावर आम्हांला असे वाटू लागले आहे की, वर्गात आम्ही तो जितक्या काटेकोरपणे विचारतो तितक्याच काटेकोरपणे तो ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या शास्त्रवाचनातही विचारला गेला पाहिजे.

आज बहुतेक मराठी ख्रिस्ती घरांत पवित्र शास्त्र भेटते ते सुट्या वचनांच्या रूपाने. दिनदर्शिकेच्या प्रत्येक पानावर एक वचन असते, दाराच्या चौकटीवर एक असते, रिक्षाच्या पाठीवर एक असते. वर्षाअखेरच्या रात्री उपासना आटोपली की कित्येक मंडळ्यांतून वचनांच्या चिठ्ठ्या उचलल्या जातात आणि हाती आलेले वचन वर्षभरासाठी आपले मानले जाते. हल्ली भ्रमणध्वनीवर सूर्योदयाच्या चित्रासह वचन येते, आणि दहा वाजेपर्यंत तेच चार ठिकाणांहून येते. या प्रथांची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. एकमेकांना धीर देणे हे मंडळीचे कामच आहे, आणि कष्टाच्या दिवसात एक ओळ सोबत बाळगावीशी वाटणे यात गैर काहीच नाही. आमची तक्रार एवढीच की, ओळ सोबत येते आणि ती ज्या संकटात लिहिली गेली ते संकट मागे राहते. मग तिचा धीर आपल्याला हवा तसा वळवता येतो.

येथे एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या क्रमांकांनी आपण वचने ओळखतो ते क्रमांक मूळ लेखकांचे नव्हेत. आजची प्रकरणे तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन याने पाडली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हिब्रू शास्त्रात वाक्यखंडांची पद्धत जुनी होती. पण नव्या करारातील ओळींना आजचे क्रमांक मिळाले ते रॉबेर एतिएन या मुद्रकाच्या १५५१ च्या ग्रीक आवृत्तीत. पौलाने पत्रे लिहिली ती सलग, आणि ती सभेत मोठ्याने वाचली जावीत या अपेक्षेने. कलस्सैकरांना तर त्याने स्पष्टच सांगितले आहे की, हे पत्र वाचून झाल्यावर लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जाईल अशी व्यवस्था करा. क्रमांक ही वाचकाची सोय आहे. त्या सोयीलाच आपण ग्रंथाचे स्वरूप समजू लागलो आहोत.

सर्वांत लोकप्रिय वचनांपैकी एक घेऊ. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन ठाऊक नाही असे ख्रिस्ती घर विरळा. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, शेवट आशेचा आहे, असा त्याचा आशय. नवी नोकरी, परीक्षा, लग्न, शस्त्रक्रिया, सर्व प्रसंगी ते दिले जाते. आता संदर्भ पाहा. हे वचन एका पत्रातील आहे. इसवी सनापूर्वी ५९७ च्या सुमारास नबुखद्नेस्सराने यरुशलेमेचा राजा यखन्या आणि त्याच्यासोबत कारागीर, सरदार व याजक यांना धरून बाबेलास नेले. त्या पाडाव केलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून हे पत्र पाठवले. त्यात काय आहे? घरे बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचे फळ खा. लग्ने करा, मुलांची लग्ने करून द्या. ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच नगराच्या कल्याणासाठी झटा आणि प्रार्थना करा. आणि अकराव्या वचनाच्या अगदी आधी, दहाव्यात, मुदत सांगितली आहे : सत्तर वर्षे.

सत्तर वर्षे! पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणार नव्हती, हे उघड आहे. आशेचा शेवट त्यांच्या नातवंडांसाठी होता. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला परक्या मातीत मळा लावणे होते. याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. तो लोकांना सांगतो की, दोन वर्षांत सारे परत येतील. आणि यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू तो सर्वांदेखत मोडून टाकतो. यिर्मया आधी त्याला आमेन म्हणतो. असेच घडो, असे त्यालाही वाटते. पण देवाचा शब्द तसा नाही, म्हणून तो हनन्याच्या आश्वासनाला खोटे ठरवतो. लोकांना हनन्या अधिक आवडला असणार यात शंका नाही. आपण अकरावे वचन दहाव्यापासून कापून घेतो तेव्हा पत्र यिर्मयाचे असते, पण वाचले जाते ते हनन्याचे.

हा केवळ व्याख्येचा वाद असता तर त्यासाठी एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. आमच्या परिचयातील एका घरात हे कापलेले वचन फार महाग पडले. घरच्या कर्त्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस चाले. भेटीस येणाऱ्यांपैकी कोणीतरी हेच वचन चौकटीत बसवून आणले आणि खाटेसमोर टांगले. यंदा तुम्ही बरे होणार, देवाचा शब्द आहे, असे जो तो सांगू लागला. त्या गृहस्थाला मात्र आपले काय होणार हे कळून चुकले होते. भविष्यनिर्वाह निधीचे कागद, घर कोणाच्या नावे करायचे, धाकटीचे शिक्षण, हे त्याला पत्नीशी बोलायचे होते. तो विषय काढी आणि कोणीतरी चौकटीकडे बोट दाखवी. बोलणे राहून गेले. तो गेल्यावर त्याची पत्नी वर्षभर कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होती. आणि त्यातच एका भल्या माणसाने तिला विचारले की, विश्वासात कुठे उणे पडले का? यिर्मयाचे सबंध पत्र त्या खोलीत वाचले गेले असते तर? घर बांधा, मुलाबाळांचे पाहा, दिवस लांबणार आहेत, देव तरीही सोडून गेलेला नाही, असे ते पत्र म्हणते. त्या गृहस्थाला जे बोलायचे होते त्याला शास्त्राचा आधार होता. तो आधारच चौकटीबाहेर राहिला होता.

दुसरे उदाहरण फिलिप्पैकरांस पत्रातील. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो, या आशयाचे चौथ्या अध्यायातील तेरावे वचन यशाचा मंत्र म्हणून वापरले जाते. स्पर्धापरीक्षेच्या टेबलावर आणि खेळाडूच्या सदऱ्यावरही ते दिसते. हे लिहिताना पौल बंदिवासात होता. त्याआधीच्या दोन वचनांत तो सांगतो की, पोट भरलेले असणे आणि उपाशी असणे, विपुलता आणि टंचाई, दोन्हींत समाधानी कसे राहावे हे तो शिकला आहे. ‘सर्व काही’ म्हणजे हे : उपासही. आणि लगेच पुढे तो म्हणतो की, तरीही माझ्या अडचणीत तुम्ही वाटेकरी झालात हे बरे केले. कारण फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली होती, आणि तो एपफ्रदीत या कामात मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला होता. म्हणजे देवाने पौलाला दिलेले सामर्थ्य एका माणसाच्या पायांनी चालत आले होते. पुढचे वचन वाचले नाही तर हे कळत नाही. आणि न कळल्यामुळे आपण आजाऱ्याला तेरावे वचन पाठवतो व चौदाव्यातला डबा पाठवायचे विसरतो.

सुटे वचन दुधारी असते, हे शास्त्राला स्वतःलाच ठाऊक आहे. मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांत अरण्यातील परीक्षेचा प्रसंग आहे. मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, असे येशूला सुचवताना सैतान एक्याण्णवाव्या स्तोत्रातील वचन तोंडपाठ म्हणतो. वचन खरे आहे. त्याचा उपयोग खोटा आहे. येशू त्याला उत्तर देतो तेही शास्त्रातूनच, दुसरा लेख पुढे ठेवून. ईयोबाच्या मित्रांचेही असेच. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले तोवर त्यांच्याइतके चांगले सांत्वन कोणी केले नसेल. मग ते बोलू लागले. त्यांची कित्येक वाक्ये सुटी काढली तर भक्तिपर वाटतील. पण ग्रंथाच्या शेवटी देव त्यांच्यावर कोपतो आणि तक्रार करणाऱ्या ईयोबाचे बोलणे यथार्थ ठरवतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावर संपते. ते कोणी दिनदर्शिकेवर छापत नाही. पण ज्याचा दिवस अंधारातच संपला आहे त्याला आपली प्रार्थनाही शास्त्रात आहे हे समजणे, हा धीर नव्हे काय?

मराठीत तरी शास्त्र असे तुकड्यांनी आले नव्हते. फादर स्टीफन्स यांनी गोव्यातील नवख्रिस्ती लोकांसाठी ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या समाजाला कथा ओळीने ऐकायची असते, हे त्या इंग्रज जेझुइटाने ओळखले होते. तीन शतकांनी पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले, आणि १९२२ साली देह ठेवण्यापूर्वी ते पुरे केले. गावाकडच्या साध्या बाईला कळेल अशी भाषा असावी, हा त्यांचा आग्रह होता. त्या बाईला निवडक वेचे पुरतील असे त्यांना वाटले नाही. म्हणूनच आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी या कामात घातली.

यावर कोणी म्हणेल : तुम्ही प्राध्यापक मंडळी, तुम्हांला वेळ आहे. कारखान्यातून बारा तासांनी घरी येणाऱ्याने अध्यायच्या अध्याय केव्हा वाचावेत? आक्षेप रास्त आहे. आमच्या आज्यांनाही पुष्कळ वचने पाठ होती आणि त्यांतल्या काहींना अक्षरओळख नव्हती. पण त्यांना दानिएल, रूथ, योसेफ यांच्या कथाही ठाऊक होत्या. वचन उच्चारले की मागे कथा उभी राही. कीर्तनकारही एकच अभंग निवडतो. पण तो नुसता म्हणून खाली बसत नाही, दोन तास उलगडत राहतो. एक वचन घेण्यास आमची हरकत नाही. ते दार म्हणून घ्यावे, आणि दार उघडून आत जावे.

वेळेचेच म्हणाल तर फिलिप्पैकरांस पत्राचे चार अध्याय आहेत आणि एकंदर एकशे चार वचने. मोठ्याने वाचली तर पंधरा-वीस मिनिटे लागतात. घरोघरच्या प्रार्थनासभांत याहून अधिक वेळ चहाला जातो. महिन्यातून एकदा सभेत एक पत्र किंवा एक छोटा ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकावा. आणि नंतर तीनच प्रश्न विचारावेत : हे कोण बोलत आहे, कोणाशी बोलत आहे, आणि ऐकणारे तेव्हा कोणत्या अडचणीत होते? उत्तरे देण्यास पदवी लागत नाही. अडचणीत असलेल्या माणसाला ती आमच्यापेक्षा लवकर सुचतात, असा आमचा अनुभव आहे. आणि एवढे करूनही कोणाला आजाऱ्याच्या खाटेसमोर अकरावे वचन टांगायचेच असेल तर खुशाल टांगावे. फक्त चौकट थोडी मोठी करावी आणि दहावे वचनही तीत बसवावे.